एक वजा

शुक्रवारी दुपारी मनामाचे रस्ते झोपतात,
तेव्हा मी मुराद अम्मोंच्या दुकानात शिरते.
शिलाई मशीनचे सुटे भाग, अर्धं शटर खाली.
एका डब्यात बॉबिनी, एकात सुया,
एकात त्यांच्या बगदादच्या मावश्यांचे फोटो.
पहिल्या दिवशी म्हणाले, आधी स्वतःला लिही.
मी लिहिलं: सिपोरा. बाप बिन्यामिन. आडनाव पेझारकर.
मग त्यांनी पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली.
शाई फक्त जिवंतांसाठी, म्हणाले.

मला हवे होते हासाजी समाजी,
पणजोबा.
घाण्याच्या बैलामागून उठून कंपाउंडर झालेले,
आगबोटीनं बहारीनला आलेले.
घरी त्यांचं उरलंय मनिऑर्डरीचं एक कुपन,
अठरा रुपये, मार्च एकोणीसशे अडतीस,
आणि आत्याचं वाक्य:
होळीच्या सणाला पैसे आले, माणूस नाही.

शिकत गेले.
हासाजी म्हणजे यहेज्केल, समाजी म्हणजे शमुवेल.
कोकणात आमच्या नावांनी धोतर नेसलं होतं,
दगडावर ती पुन्हा झग्यात उभी राहतात.
दगडाला खडू फासायचा नाही, त्याची साल निघते.
पाणी शिंपडायचं, आरसा तिरका धरायचा,
उजेड बाजूनं आला की
खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली अक्षरंही
कूस बदलतात.

आणि एका सकाळी ती बदलली:
यहेज्केल बेन शमुवेल.
खाली महिना, किसलेव.
खाली साल, अक्षरांतच:
ताव चारशे, रेश दोनशे, त्सादी नव्वद, हेत आठ.
मी हाताच्या पेरांवर बेरीज केली, सहाशे अठ्ठ्याण्णव,
त्यात बाराशे चाळीस.
अडतीस.
मार्चात पैसे, हिवाळ्यात माती.
सगळं कसं चपखल.
दफनभूमीच्या राखणदारानं मला पाण्याची बाटली दिली,
विचारलं नाही कोण लागतो तुमचा.

आईनं पनवेलला मलिदा केला,
पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं.
ऐंशी वर्षं ज्याला तिथी नव्हती
त्याला तिथी मिळाली.
दोन वर्षं त्या संध्याकाळी
तिकडे आईनं दिवा लावला, इकडे मी.

परवा मुराद अम्मो माझी वही चाळत होते.
बोट थांबलं.
किसलेव? मग एक वजा.
मी म्हटलं, का?
म्हणाले, अगं, आपलं साल सप्टेंबरातच उलटतं.
जानेवारी यायच्या आधीचा महिना असेल
तर एक वजा करायचा. सांगितलं होतं मी.

सांगितलं असेल.

सदतीस.
मेलेला माणूस मनिऑर्डर करत नाही.

पंखा फिरत राहिला.
त्यांनी तेलाची पिचकारी उगाच एका चाकावर दाबली.
यहेज्केल आमच्यातही होते, म्हणाले,
बगदादच्या गल्लीत एक हाक मारली की चार वळायचे.
त्यातलाच कुणी.
याची तर कोणी विचारपूसही केली नव्हती, तुझ्याआधी.
मी रबर घेतलं. नाव खोडलं.
कागदावर पेन्सिलीचा चर राहिला,
आरसा तिरका धरला तर वाचता येईल.

हासाजींच्या चौकटीत आता एक प्रश्नचिन्ह आहे.
ते बसऱ्याला गेले असतील, किंवा समुद्रात,
किंवा दुसऱ्या बायकोच्या घरात;
हेही लिहून ठेवलंय, छोट्या अक्षरात,
आईला दिसणार नाही असं.

तिला फोनवर सांगितलं, तो आपला नव्हता.
दोन वर्षं परक्याचा दिवा लावला आपण.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली.
मी विचारलं, मग या किसलेवमध्ये?
ती म्हणाली,
तेल तर आणून ठेवलंय.